बोट

सहाशे किलोमीटरचं सगळं लिहून झालंय.
कारवार सव्वानऊपर्यंत. कुमठ्याला इडली, बसून नाही, उभ्याने.
देवीमने घाट भर उन्हात येतो, त्याला इलाज नाही.
हुबळीत दीड तास झोप,
कुठे ते ठरलेलं नाही, एटीएमचा एसी चालू असला तर तिथेच.
चोर्ल्याच्या उतारावर ब्रेक आवळून धरायचे नाहीत,
धरायचे, सोडायचे, धरायचे.
चाळीस तास.
कागदाची पट्टी हँडलवर डकवलीय, वरून पारदर्शक टेप
म्हणजे घामाने शाई फुटणार नाही.

राहिलं ते एवढंच,
दिवाडीहून रायबंदर.
मधे मांडवीचं थोडंसं पाणी.
सुरुवात मिरामारला पहाटे साडेचारला
आणि पहिली बोट पावणेपाचची.

विश्राम म्हणाला, पूल होऊ दे, मग जा.
मी म्हटलं, पुलाला घाई नाही, माझ्या गुडघ्यांना आहे.
त्याने ट्यूब मोजल्या. तीन.
पंप घेतलास? घेतला.
मग तो बराच वेळ दिवा घासत बसला, आधीच घासलेला.

म्हणून रात्री अकराची, शेवटची.
बोटीत मी, दोन स्कूटर, एक झोपलेला कुत्रा.
इनासने सायकल कठड्याला बांधली, मासळीच्या वासाच्या दोरीने.
"मागून गाडी येते ना गो तुझ्या?"
नाही. नियमच आहे. ज्याचं त्याने.
पंक्चर, भूक, झोप, सगळं ज्याचं त्याने.
इनासने दोरीकडे पाहिलं.
"मग ही सोडू?"

धक्क्यावरच्या बाकावर हेल्मेट उशाला घेऊन
मी तीनचा गजर लावला आणि डास जागेच राहिले.
पाण्यापलीकडे आमचं बेट, एकही दिवा ओळखीचा नाही.
आपलं घर इतक्या जवळून
मी कधी इतकं लांब पाहिलं नव्हतं.

दीड वाजता रस्त्यापलीकडे एक दार उघडलं.
आत भट्टी, उघड्या अंगाचा काजिमीर,
आणि भिंतीला टेकलेली त्याची सायकल.
कॅरियरला टोपलं, हँडलला भोंगा, गिअर नाही,
मागचा टायर गुळगुळीत.
त्याने पिठाच्या पोत्याकडे हनुवटी केली. बसले.
कुठे, म्हणाला.
सांगितलं.
"एवढं जाऊन पाव कोणाला विकणार?"

हसला नाही. खरंच विचारत होता.
मला उत्तर सुचेना म्हणून मीच विचारलं, तुम्ही रोज किती?
त्यालाही माहीत नव्हतं.
रायबंदर, चिंबल, पाटो, परत. दोन खेपा.
बावीस धरू. वर्षं? "पोराच्या आधीपासून."
एकतीस धरू.
पिठाच्या फळीवर मी बोटाने गुणाकार मांडला.
दोन लाख अट्ठेचाळीस हजार
आणि वर काहीतरी.
पृथ्वीला सहा फेऱ्या, मी म्हटलं.
"नाताळला सुट्टी असते," काजिमीर म्हणाला
आणि त्या आकड्यावरच त्याने कणकेचा गोळा आपटला.

निघताना चार पोयी, वर्तमानपत्रात.
पैसे घेतले. मला बरं वाटलं,
नियमात बसत होतं.

कॉजवेवर वारा समोरून, दोन्हीकडे मिठागरं काळी.
मिरामारला चाळीसेक जण, दिव्यांनी एकमेकांना आंधळं करणारे.
कोणी रात्रभर बसने सोलापूरहून आलेला,
कोणाचा डिरेलर रेल्वेच्या लगेजमध्ये वाकलेला,
तो दगडाने, हळुवार, सरळ करणारा.
माझा पुढचा दिवा तपासला, मागचा तपासला,
जाकीट, सही.
मीटरवर आठ पूर्णांक सहा.

हे धरत नाहीत, सही घेणारी मुलगी म्हणाली,
इथून शून्य.

मी बटण दाबलं.
बोटाला पीठ होतं,
दोनदा दाबावं लागलं.